एका अंड्याचा ताप

त्या राज्यात तीन टेकड्या होत्या, आणि एका टेकडीवरचं कुणी दुसऱ्या टेकडीवर कधी जात नसे. वैर होतं म्हणून नव्हे. वैराला निदान ओळख तरी लागते. जगात जाणण्यासारखं जे काही आहे ते आपल्याच माथ्यावर आहे आणि बाकीच्या दोन टेकड्या केवळ नजर अडवण्यासाठी घडवल्या आहेत, अशी प्रत्येक टेकडीची मनोमन खात्री होती.

पहिल्या टेकडीवर सगळा दगडांचा कारभार. तिथे घोरपडबाई राहत. ऊन कोणत्या कातळात किती शिरतं, किती मुरतं आणि किती वेळाने परत निघतं, हे त्या नुसतं पोट टेकवून सांगत. दुसरी टेकडी झाडपाल्याची. तिथे मुंगूसराव. कुणाच्या छातीत काय धडधडतंय आणि त्यावर कोणती मुळी उगाळायची, हे त्यांना तोंडपाठ. तिसऱ्या टेकडीवर एकच अवाढव्य झाड होतं आणि त्यावर साळुंकीताई. कोण कुणाशी बोलतं, कोण बोलत नाही, का बोलत नाही आणि विचारलं तर कोणतं खोटं कारण सांगतं, याचा त्यांना सखोल व्यासंग. काही लोक याला चहाड्या म्हणत. साळुंकीताई याला समाजाचा अभ्यास म्हणत. आता अभ्यास कुठे संपतो आणि चहाडी कुठे सुरू होते, हे सांगणारं कुणी त्या राज्यात नव्हतं, आणि खरं तर इतरही राज्यांत नाही.

तिघांनाही एकाच गोष्टीचा अभिमान होता: तापाचं ज्ञान. तिन्ही टेकड्यांवर सकाळ-संध्याकाळ ताप शिकवला जाई. तापावर आपल्याइतकं कुणी जाणत नाही, असं तिघेही म्हणत, आणि दुसऱ्याचं कुणी ऐकतच नसल्यामुळे तिघांचंही खरं ठरे.

पायथ्याच्या गवतात मात्र कुणी विद्वान राहत नसे. तिथे लावी राहत असे. मूठभर जीव, मातीच्या रंगाची, दोन हातांवरून गेलात तरी दिसायची नाही. त्या वर्षी सूर्य ढगाआड गेला तो बाहेर यायचं नावच घेईना. वारा असा बोचरा की, दवसुद्धा गवतावर उतरायला कां कूं करी. लावीची अंडी एकेक करून गार पडली. शेवटी एकच उरलं. त्याच्यावर ती बसे, उठे, या कुशीवरून त्या कुशीवर वळवी, पुन्हा बसे. पण पोटाखालची बाजू जरा उबदार झाली की वरची गारठे, आणि दाणा टिपायला उठावं तर सगळीच गारठे. हेही गेलं तर काय करायचं, हा विचार तिच्या मनात यायचा आणि ती तो चोच मारून हाकलून द्यायची.

एके दिवशी तिने अंडं गवताने झाकलं आणि धावत-धावत दिवाणांकडे गेली.

दिवाण म्हणजे बगळा. राज्याला राजा आहे असं सगळे म्हणत. पण त्याला पाहिलेलं कुणी नव्हतं, आणि दिवाणजी डोळे मिटून एका पायावर उभे असल्यामुळे त्यांनीही तो पाहिला नसावा.

“दिवाणजी,” लावी म्हणाली, “माझ्या अंड्याला ऊब पुरत नाही हो. थोडी ऊब मिळेल का कुठून?”

“ऊब?” बगळ्याने एक डोळा उघडला. “हा शब्द दरबारात चालत नाही, बाई. घरगुती आहे. घरट्यात ठीक, पण वर पाठवायचा तर शब्दाला जरा वजन हवं.” त्याने दुसरा पाय खाली टेकवला, जे तो केवळ महत्त्वाच्या प्रसंगी करी. “‘ताप’ म्हणू या. आणि तापाचंच म्हणाल तर आपल्याकडे एकाला तीन टेकड्या आहेत!”

लगेच दवंडी पिटली गेली: अमुक अंड्याच्या तापाविषयी तिन्ही टेकड्यांनी मिळून काय ते करावं. सगळे चकित झाले ते ‘मिळून’ या शब्दाने. तो याआधी कुणी दवंडीत ऐकला नव्हता. काहींना ते शिक्षेचं नाव वाटलं.

दुसऱ्या दिवशी गवत हललं आणि लावीचं काळीज लक्कन हललं. पाहते तर काय, अंडं वाचवायला कोण आलं होतं, तर ज्यांच्यापासून अंडी वाचवायची तेच! पुढे घोरपडबाई, मागे मुंगूसराव. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच. लावी पंख पसरून अंड्यापुढे उभी राहिली.

“घाबरू नका,” मुंगूसराव म्हणाले आणि त्यांनी आवंढा गिळला. “आम्ही इथे निव्वळ अभ्यासक म्हणून आलो आहोत.”

“माझी जीभ बाहेर येते ती सवयीने,” घोरपडबाई म्हणाल्या. “मनात काही नाही.”

“यांच्या मनात काय आहे ते मी तुम्हाला नंतर सांगते,” शेजारच्या झुडपाच्या फांदीवरून साळुंकीताई लावीला म्हणाल्या.

लावीने विचार केला. यांतल्या एकावरही विश्वास ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण तिघांवर मिळून ठेवता आला असता. कारण मुंगूसराव जरा पुढे सरकले की घोरपडबाई फुत्कारत, घोरपडबाईंची जीभ लांबली की मुंगूसराव दात दाखवत, आणि दोघांपैकी कुणीही शेपटी हलवली तरी साळुंकीताई ती बातमी पंचक्रोशीत पोचवायला एका पायावर तयार. प्रत्येकाचा बाकीच्या दोघांवर डोळ्यांत तेल घालून पहारा. एवढ्या कडक बंदोबस्तात त्या राज्यात आजवर कुठलंही अंडं राहिलं नव्हतं.

पहिली सभा झाली आणि काय सांगावं, आनंदीआनंद!

“ताप ही फार मूलभूत गोष्ट आहे,” घोरपडबाई म्हणाल्या.

“अगदी माझ्या मनातलं बोललात!” मुंगूसराव म्हणाले. “तापाकडे दुर्लक्ष केलं की जिवावर बेततं.”

“आणि लोक तो अंगावर काढतात,” साळुंकीताई म्हणाल्या. “बोलत नाहीत कुणाजवळ!”

आयुष्यभर समोरच्या टेकड्यांवर मूर्ख राहतात असं समजत आलो, आणि हे तर आपलेच निघाले! मुंगूसरावांनी घोरपडबाईंच्या पाठीवर थाप मारली. साळुंकीताईंनी तिथल्या तिथे एक गाणं रचलं, ज्यात फक्त ‘ताप’ हा एकच शब्द होता, आणि तिघांनी ते वेगवेगळ्या सुरांत म्हटलं. बगळे दिवाण तर इतके खूश झाले की, दोन्ही पाय खाली ठेवून दिवसभर तसेच राहिले. एकमत इतकं झालं की, कोण काय करणार हे एकमेकांना विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

मग कामाला जुंपले. घोरपडबाई रोज अंड्याला हनुवटी टेकवून डोळे मिटून पडत आणि ताप किती आहे ते मनात धरून ठेवत. मुंगूसराव ओढ्याकाठचा थंडगार पाला आणत, तो चघळून मऊ करत आणि अंड्याच्या कपाळावर ठेवत. अंड्याचं कपाळ कुठलं हा प्रश्न होता. पण वैद्याने अशा प्रश्नांनी गांगरून जायचं नसतं. साळुंकीताईंनी थेट अंड्यालाच विचारलं, “तुला कुणाचा ताप होतो?” अंड्याने उत्तर दिलं नाही. साळुंकीताईंनी त्याचा अर्थ ‘बिचारं दबलेलं आहे’ असा लावला आणि शेजारपाजारी चौकशी सुरू केली. सशाला विचारलं, साळिंदराला विचारलं, खेकड्याला तर जेवताना उठवून विचारलं.

लावी बिचारी बाजूला उभी. शिकलेले लोक करतायत म्हणजे काही तरी असेलच, असं ती स्वतःला समजावत होती. ओला पाला पाहून तो काढायला ती चोच पुढे करी. पण मुंगूसराव डोळ्यांनीच ‘थांबा, गुण येईल’ असं सांगत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

दुसरी सभा भरली. घोरपडबाई मान खाली घालून आल्या. “सांगायला वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या, “पण अंड्याचा ताप रोज उतरतो आहे.”

“उतरतोय?” मुंगूसरावांनी कोलांटी उडीच मारली. “शाब्बास रे माझ्या पाल्या! तरी मी म्हणत होतो, गुण येणार!”

“उतरतोय कसला?” साळुंकीताई कडाडल्या. “चांगला वाढतोय! ‘हे अंडं म्हणजे डोक्याला ताप झालाय’ असं आता ससासुद्धा म्हणायला लागलाय, आणि तो तसा गरीब प्राणी.”

एकीचे डोळे पाणावलेले, एक जण उडी मारून हवेतून नुकताच खाली आलेला, एकीची चोच उघडीच.

“बाई,” मुंगूसराव सावकाश म्हणाले, “आपण ताप कशाला म्हणता?”

“दगडात मुरतो तो. कमी-जास्त होतो तो. आपण?”

“अंगात भरतो तो. औषधाने उतरतो तो. आणि ताई, आपण?”

“एकाने दुसऱ्याला दिलेला तो,” साळुंकीताई पुटपुटल्या. “त्याला औषध नाही.”

इतक्यात मागून आवाज आला. एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज निघतो, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. लावीने पाला भिरकावून दिला होता आणि अंड्याला गाल लावला होता.

“मेल्यांनो!” ती ओरडली. “गार पडत चाललंय हे! ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, माझं तर गारठतंय आणि तुम्हा एकालाही कळत नाही? मला ताप नको होता. मला ऊब हवी होती, ऊब! ताप त्या बगळ्याने घातला माझ्या तोंडात. तुमच्या टेकड्या गेल्या खड्ड्यात. माझं एवढं एकच राहिलंय!” आणि ती अंड्याला कवटाळून हमसून हमसून रडली.

बगळे दिवाणांनी एक पाय हळूच वर घेतला.

“ऊब,” घोरपडबाई दबकत म्हणाल्या. “हे... कोणत्या टेकडीवर शिकवतात?”

कोणत्याच नव्हे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग ते घडलं, जे त्या राज्यात कधी घडलं नव्हतं. मुंगूसराव म्हणाले, “मला ठाऊक नाही.” घोरपडबाई म्हणाल्या, “मलाही.” आणि साळुंकीताईंना हे वाक्य इतकं नवीन होतं की, ते त्यांनी आधी पुटपुटून पाहिलं आणि मग मोठ्याने म्हटलं. म्हटल्याबरोबर तिघांनाही इतकं हलकं वाटलं! मुंगूसरावांच्या डोक्यात उजेड पडला. “म्हणजे मी इतके दिवस... जिवंत असण्यावर औषध देत होतो?” त्यांना हसू फुटलं. ते आवरेना. घोरपडबाई हसल्या, त्यांच्या जातीत कुणी हसलेलं ऐकिवात नव्हतं. साळुंकीताई तर फांदीवरून खालीच पडल्या.

“हसू नका, काही तरी करा!” लावी म्हणाली, पण तिलाही रडता-रडता उचकीसारखं काही तरी फुटलंच.

मग मात्र अशी धांदल उडाली म्हणता! घोरपडबाईंच्या टेकडीमागे गरम पाण्याचं कुंड होतं. “तिथला दगड आणला तर? पण इथवर येईपर्यंत तो गार होणार.”

“हातोहात आला तर?” साळुंकीताईंनी पंख झटकले. “माणसं मी उभी करते. सशाचं साळिंदराशी पटत नाही, मध्ये खेकडा घालू. खेकड्याचं कुणाशीच पटत नाही, त्यामुळे तो पक्षपात करत नाही.”

“आणि शेवटच्या टोकाला मी,” मुंगूसराव म्हणाले. “दगड आधी माझ्या पोटाला लागेल. मी हं म्हटलं तरच अंड्यापाशी. नाहीतर ऊब द्यायला जाऊ आणि न्याहारी होऊन बसेल!” न्याहारी हा शब्द त्यांनी जरा जास्तच प्रेमाने उच्चारला, पण घोरपडबाईंनी डोळे वटारले आणि काम पुढे चालू झालं.

कुंडापासून गवतापर्यंत रांग लागली. घोरपडबाई गळ्यापर्यंत कुंडात बसून दगड निवडत. तिथून ते या पंजातून त्या पंजात, या चोचीतून त्या चोचीत, “अगं आई गं, चटका!” “मग फुंकर मार की!” असं करत येत. मुंगूसराव पोटाला लावत, “हं!” म्हणत. लावीने अंड्याच्या दोन्ही अंगांना दगड लावले आणि वरून स्वतः बसली. अंडं गार पडायचं थांबलं. लावीला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं झालं.

पण यश मिळालं की हिशेब आलाच. रांगेतून कुजबुज निघाली: हे नेमकं कुणाच्या टेकडीचं काम? ती कुंडापर्यंत पोचायला कितीसा वेळ! घोरपडबाई तडक निघाल्या. कुंडात मुरून-मुरून त्यांचं सगळं अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि डोकं त्याहून.

“दगड माझे!” त्या अंड्याच्या एका बाजूला येऊन ठाकल्या.

“आणि पोट कुणाचं?” मुंगूसराव दुसऱ्या बाजूने भिडले. “पोट नसतं तर तुमच्या दगडांनी अंड्याची पोळी भाजली असती!”

“रांग लावली कुणी?” साळुंकीताई मधोमध पंख फडफडवत म्हणाल्या. “टेकडीवर पडून राहिले असते दगड, तुमच्यासारखेच!”

आता एवढं रंगलेलं भांडण लांबून कोण ऐकणार? ससा जागा सोडून आला. साळिंदर आलं. खेकडा तिरका-तिरका का होईना, पण पोचला. सगळी रांग गोळा होऊन अंड्याभोवती कोंडाळं झालं, मागचे पुढच्यांना रेटू लागले. दगड यायचे बंद झाले, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

लावीच्या मात्र लक्षात आलं. ती “अरे, दगड!” असं ओरडणारच होती, इतक्यात तिला जाणवलं, अंडं उबदार होतं. आधीपेक्षा जास्त. वरून, खालून, चहूबाजूंनी. तिने मान वर केली. एकीकडे घोरपडबाईंचा तापलेला गळा, दुसरीकडे रागाने फुललेले मुंगूसराव, वर वारा अडवणारे साळुंकीताईंचे पंख, आणि मागे एकमेकांना चिकटलेली सगळी पंचक्रोशी. वाऱ्याला आत शिरायला बोटभर फट नव्हती.

आणि तेवढ्यात तिच्या पोटाखाली आतून कुणी तरी वाजवलं. टक्.

पण तिकडे घात होत होता. भांडून दमलेल्या मुंगूसरावांना समजूतदारपणा सुचला. “जाऊ द्या. थोडं तुमचं, थोडं आमचं.” घोरपडबाईंनाही एकदम सभ्यता आठवली. “खरं आहे. आपण उगाच या बाईंना दाटी करतोय.” दोघेही आदराने मागे सरले. कोंडाळं सैल झालं. गार वाऱ्याची एक झुळूक आत आली, आणि टक् थांबलं.

लावी त्या राज्यातलं सगळ्यात भोळं पाखरू होती. पण आई होती.

“मुंगूसराव,” ती खाली मान घालून म्हणाली, “रागावणार नसाल तर सांगते. तुमचं पोट आधीच गरम होतं म्हणून तुम्हाला दगड कळले, असं घोरपडबाई म्हणतात. खरं का हो?”

“काय म्हणतात?” मुंगूसराव एका उडीत परत.

“असं मी म्हटलेलं नाही, पण म्हणण्यासारखं आहे!” घोरपडबाईही परत.

“हे मी तुमच्याबद्दल आधीच ओळखलं होतं,” साळुंकीताई म्हणाल्या आणि तेल ओतायला अधिक खाली उतरल्या. ससा पुढे सरकला, त्याच्या पाठीवर साळिंदर आलं, ससा ओरडला, खेकड्याने दोघांना चिमटा काढला. कोंडाळं आवळलं. टक्. टक् टक्. लावी अधूनमधून नम्रपणे एखादा प्रश्न विचारी आणि पोटाखाली कान देई.

वाद शिगेला पोचला होता. “तर मग हा कोणाचा ताप ते एकदाचं ठरू द्या!” असं तिघेही एकदम गरजले, आणि त्याच क्षणी कवच तडकलं.

आवाज झाला नखाएवढा, पण सगळे चिडीचूप झाले. कवचाच्या फटीतून ओली चोच आली, मग एक डोळा, मग सगळं पिल्लू धडपडत बाहेर पडलं. ते मातीच्या रंगाचं होतं, त्याचे पाय लटपटत होते. त्याने मान वळवून पाहिलं: इकडे घोरपड, तिकडे मुंगूस, वर साळुंकी. ते कुणालाच घाबरलं नाही. त्याला अजून कुणी काही शिकवलं नव्हतं.

घोरपडबाईंनी जीभ आत घेतली ती आतच ठेवली. मुंगूसरावांच्या मिशा थरथरल्या. साळुंकीताईंना काही म्हणजे काही बोलायला सुचेना. बगळे दिवाणांनी तर दोन्ही डोळे उघडले होते आणि ते भरून आले होते. कुणी तरी हळूच म्हणालं, “सरा, सरा, मोकळं होऊ द्या त्याला.” सगळे हात जोडून, अगदी अदबीने, पाऊल-पाऊल मागे हटले.

वारा आत आला. पिल्लाने अंग चोरलं आणि ते थरथर कापू लागलं.

लावीने पिल्लाकडे पाहिलं, मग अदबीने उभ्या असलेल्या त्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

“घोरपडबाई,” ती म्हणाली, “मघाशी मुंगूसराव तुमच्या टेकडीविषयी काय म्हणाले, ते ऐकलंत की नाही?”

“काय म्हणाले?” म्हणत घोरपडबाई सरसावून पुढे आल्या, मुंगूसराव दात विचकत दुसऱ्या बाजूने भिडले, साळुंकीताईंनी पंख पसरून वरची फट झाकली, मागून सगळी पंचक्रोशी रेटत आली, आणि त्या गलक्याच्या मधोमध, डोळे मिटून, पिल्लाने कापणं थांबवलं.